घाटावरचा उजेड

माझ्या बैठकीच्या खोलीत एक जलरंगचित्र आहे. क्वार्टर शीटवर केलेलं, काचेमागे कडेने जरा पिवळं पडलेलं. जुन्या नाशकातली, गंगेकडे, म्हणजे गोदावरीकडे उतरत जाणारी आमची गल्ली त्यात आहे. डाव्या हाताला काळ्या दगडाचं जोतं, त्यावर विटांची भिंत, वर लाकडी सज्जा. उजवीकडे दोरीवर वाळत घातलेलं धोतर. आणि खाली, गल्ली जिथे वळते तिथे, दोन घरांच्या फटीतून आलेली उन्हाची तिरपी पट्टी. चित्र उलटं केलं की मागे पेन्सिलीने लिहिलेलं दिसतं : ‘कार्तिक. सकाळी ८॥. गंगेचं पाणी.’

काढणारे शाळेत चित्रकला शिकवणारे एक मास्तर होते. रविवारी सकाळी ते बोर्ड काखेत मारून यायचे आणि आमच्या ओट्यावर बसायचे. मी लहान होतो. आजीने सांगितलं म्हणून मी त्यांच्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन गेलो, तर त्यांनी ते पिऊन टाकलं आणि ब्रश बुडवायला आपला पत्र्याचा डबाच पुढे ओढला. येताना घाटावरून भरून आणलेला. तेव्हा कार्तिकात गंगेचं पाणी डब्यात तळ दिसेल इतकं स्वच्छ असायचं. चित्रातल्या आकाशाकडे अगदी जवळून पाहिलं तर कागदाच्या खळग्यांत बारीक कण बसलेले दिसतात. अल्ट्रामरीन निळा तसाही दाणेदार बसतो, त्यामुळे हे कण रंगाचे असतील. पण नदीचा थोडा गाळही त्यात आहे असं मी धरून चालतो. हे चित्र आमच्या गल्लीचं आहे आणि ते त्याच नदीच्या पाण्याने केलेलं आहे.

आज घाटावर बसणारे चित्रकार पाणी घरून बाटलीत आणतात. कुणी तसं ठरवलं नाही, कुणी जाहीरही केलं नाही. नदीचं पाणी रंगात कालवावंसं वाटेनासं झालं, एवढंच. गोदाघाटाच्या आणि जुन्या नाशिकच्या चित्रांबद्दल मला जे सांगायचं आहे, ते या बाटलीपासून सुरू होतं.

नाशिकमध्ये निसर्गचित्राचा विषय निघाला की पहिलं नाव येतं शिवाजी तुपे यांचं. घाट, देवळं, वाड्यांच्या गल्ल्या त्यांनी वर्षानुवर्षं रंगवल्या, आणि ज्यांनी ती चित्रं पाहिली त्यांना नाशिक कसं पाहायचं ते नकळत शिकवलं. पुढच्या पिढीत प्रफुल्ल सावंत आणि राजेश सावंत यांनी इथलाच जलरंग देशाबाहेरच्या रसिकांपर्यंत नेला. यांच्या मागेपुढे कितीतरी जण आहेत : शाळांतले चित्रकलेचे शिक्षक, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं, कलामहाविद्यालयाचे विद्यार्थी, नोकरी संपल्यावर हौस म्हणून ब्रश हातात घेतलेले लोक. रविवारी सकाळी रामकुंडापासून खाली गाडगे महाराज पुलापर्यंत चालत गेलात तर कुठे ना कुठे एखादा बोर्ड दिसेलच. ही मंडळी कसला दस्तऐवज करायला बसलेली नव्हती आणि नाहीत. त्यांना ऊन पकडायचं होतं, दगडाचा काळा रंग साधायचा होता. पण बसले ते आपल्याच वस्तीत, आणि वस्ती त्यांच्या डोळ्यांदेखत बदलत गेली.

चित्रकार याच जागी का बसतात, हे समजायला नदीचं वळण लक्षात घ्यावं लागतं. गोदावरी त्र्यंबकहून पूर्वेकडे येते आणि रामकुंडापाशी दक्षिणेकडे वळते. या दक्षिणवाहिनी वळणामुळेच हे तीर्थ मोठं मानतात. चित्रकाराला त्या वळणाचं महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. नदी दक्षिणेकडे वळली की तिचा एक काठ पूर्वेला येतो आणि दुसरा पश्चिमेला. सकाळचं ऊन पंचवटीच्या मागून येतं आणि जुन्या गावाच्या पायऱ्यांवर, वाड्यांच्या पाठींवर, सुंदरनारायणाच्या शिखरावर पडतं. संध्याकाळी तेच ऊन गावाच्या डोक्यावरून पलीकडे जातं आणि नारोशंकराचं देऊळ उजळतं. म्हणजे सकाळी पंचवटीत बसून गावाकडे बघायचं आणि संध्याकाळी गावात बसून पंचवटीकडे बघायचं. घाटावर दहा रविवार काढलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं.

दगड इथला काळा, बेसाल्ट. पण नवशिक्याने त्यासाठी काळा रंग वापरला की चित्र मरतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कागदावरच एकमेकांत मिसळू दिले, ओल्यावर ओलं, तर तो दगड उभा राहतो : सावलीत निळसर, उन्हात तांबूस, पाण्याच्या काठाशी जवळजवळ जांभळा. पांढरा रंग तर पारदर्शक जलरंगात लावायचाच नसतो. उजेड म्हणजे कोरा ठेवलेला कागद. आधी ठरवावं लागतं की ऊन कुठे आहे, आणि मग बाकीचं सगळं रंगवत त्या जागेला स्पर्श न करता बाहेर यावं लागतं. मास्तरांनी धोतर रंगवलेलंच नाही. त्याच्या मागची भिंत रंगवली आणि धोतर दिसू लागलं. मला हे कळायला बरीच वर्षं लागली.

गल्ल्यांचंही तसंच. नाशिक या नावाचं एक स्पष्टीकरण नवशिखर असं देतात, नऊ टेकड्यांवर वसलेलं गाव. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, टेकड्या खऱ्या आहेत. चित्रघंटा, डिंगर अळी, महालक्ष्मीची टेकडी, म्हसरूळ टेक. त्यामुळे जुन्या नाशकातली गल्ली सरळ कधी जात नाही. ती चढते, वळते, अचानक दहा पायऱ्या उतरते आणि एखाद्या फटीतून नदी दाखवते. या चढउतारामुळे उजेड गल्लीत तुकड्यातुकड्याने येतो. वरच्या घराच्या कौलांवर ऊन, मधला भाग सावलीत, खाली वळणावर पुन्हा ऊन. सपाट गावात हे मिळत नाही. जुन्या नाशिकची चित्रं ओळखू येतात ती देवळांवरून नव्हे, या तुकड्यांवरून.

रंगपाण्याचं नातं इथल्या मातीत आणखी एका प्रकारे आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जुन्या नाशकात रंगपंचमीला रहाडी उघडतात. पेशवेकाळापासून चौकाचौकांत खोदलेले दगडी हौद, वर्षभर फळ्या आणि माती टाकून बुजवून ठेवलेले. वरून रिक्षा जातात, हातगाड्या उभ्या राहतात. रंगपंचमी आली की वरची माती काढतात, फळ्या उचलतात, हौद धुऊन पूजा करतात आणि त्यात उकळलेल्या फुलांचा रंग ओततात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला : कुठे पिवळा, कुठे केशरी, कुठे गुलाबी. पोरं वरून धप्पा मारतात आणि बाहेर येतात ती त्या चौकाच्या रंगाची होऊनच. अंगावरचा रंग बघून कुठली रहाड ते ओळखायचं. तिवंधा चौकात, शनि चौकात, दिल्ली दरवाजाशी मी हे पाहिलं आहे. काही रहाडी बांधकामांत आणि डांबरात बुजून गेल्या. काही तरुणांनी कित्येक वर्षांनी पुन्हा उघडल्या. ज्या गावात प्रत्येक चौकाला स्वतःचा रंग आहे, त्या गावात जलरंगाचे चित्रकार निपजले याचं मला नवल वाटत नाही.

आता बदलाकडे येतो.

नाशिकमध्ये पूर मोजायची एक रीत आहे. रामकुंडाजवळ नदीपात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या पायाला लागलं, कमरेला आलं, छातीला आलं, गळ्याशी आलं, असं गाव बोलतं. धरणातून किती क्युसेक विसर्ग सोडला हे वर्तमानपत्रात येतं, पण भांडी बाजारातला दुकानदार विचारतो, मारुती कुठवर बुडाला? त्यावरून तो ठरवतो की माल वरच्या फळीवर चढवायचा की दुकानच रिकामं करायचं. तसंच नारोशंकराच्या घंटेचं. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर पोर्तुगिजांकडून आलेली ती घंटा देवळाच्या नदीकडच्या भिंतीत टांगलेली आहे. घंटेला पाणी लागलं म्हणजे मोठा पूर. १९६९ चा पूर जुनी माणसं अजून सांगतात. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९ हे पूर तर आपण सगळ्यांनीच पाहिले.

या चित्रांकडे मी त्या मारुतीसारखीच एक खूण म्हणून पाहतो. पाणी चढलं की ओसरतं आणि मारुती पुन्हा कोरडा होतो. पण गेल्या चाळीस वर्षांत गावात जे चढत गेलं ते ओसरणारं नव्हतं, आणि ते किती चढलं हे मोजायला दुसरी खूण नाही. नाशिक महानगरपालिका १९८२ मध्ये झाली, तेव्हा सातपूर, नाशिकरोड, देवळाली आणि आजूबाजूची गावं एका शहरात आली. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेसहा लाखांवर होती, २००१ मध्ये पावणेअकरा लाख, २०११ मध्ये १४ लाख ८६ हजार. सातपूर आणि अंबडची औद्योगिक वसाहत, सिडकोचं नवीन नाशिक, मुंबई-आग्रा महामार्गावरचा लांबच लांब उड्डाणपूल. आकडे सगळ्यांना ठाऊक आहेत, मी त्यांत रेंगाळत नाही. मला सांगायचं आहे ते आमच्या गल्लीत काय झालं ते.

चित्रात वळणावर जे घर आहे ते दोन मजली होतं, वर उतरतं कौलारू छप्पर. कार्तिकात सकाळी साडेआठला सूर्य त्या छपराच्या जरासा वर आलेला असायचा आणि ऊन थेट आमच्या ओट्यापर्यंत चढायचं. आजी त्या उन्हात गहू वाळवायची. आता तिथे पाच मजली इमारत आहे. ऊन गल्लीत यायला साडेदहा होतात, आणि ते वरून येतं, खालून चढत येत नाही. तासाभरात निघूनही जातं. गल्लीतलं एकही देऊळ पडलेलं नाही, एकही नाव बदललेलं नाही, पत्ता तोच आहे. पण चित्रातली ती तिरपी पट्टी आता नाही. ती कुणाच्या मालकीची नव्हती, त्यामुळे तिच्या जाण्याची नोंद कुठल्या कार्यालयात नाही. फोटोतही ती असेल, पण फोटोत तिच्यासोबत बाकीचं सगळं सारख्याच वजनाने येतं. चित्रात मास्तरांनी ती पट्टी मुद्दाम कोरी सोडली, बाकीचं सगळं तिच्यासाठी रंगवलं. म्हणून मला ठाऊक आहे की ती होती.

शहर वाढलं की घरं जातात, हे आपण नेहमी म्हणतो. माझं म्हणणं असं की घराच्या आधी उजेड जातो. वस्तीचा स्वभाव तिच्यात ऊन कसं येतं यावर ठरलेला असतो : कुणी कुठे बसायचं, कुठे वाळवण घालायचं, म्हाताऱ्यांनी कुठल्या ओट्यावर सकाळ काढायची. सुंदरनारायणाबद्दल असं सांगतात की मार्चमध्ये विषुवदिनाच्या सुमारास उगवतीची किरणं थेट मूर्तीवर पडतील अशी त्याची बांधणी आहे. देवासाठी ज्यांनी हा विचार केला, त्यांनी माणसांच्या घरांसाठीही थोडाफार केला असणार. वाड्याच्या मधला चौक हा त्याच विचारातून आला होता.

हा उजेड कुणी दुष्टाने हिरावला असं मी म्हणणार नाही, कारण आमचा वाडा आम्हीच पाडला. चुलत्यांची तिसरी पिढी, नऊ हिस्सेदार. माडीवर दोन भाडेकरू कुटुंबं, आणि भाडं १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठलेलं, काही रुपयांत. त्या भाड्यात एक तुळई बदलून होत नव्हती. पावसाळ्यात कडीपाटातून माती गळायची. भिंत फुगली, महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस दारावर चिकटली. दर पावसाळ्यात जुन्या नाशकात एखादा वाडा कोसळतोच. आपल्या वाड्याची बातमी होऊ नये म्हणून रात्री आम्ही मागच्या खोलीत झोपायचो. सगळ्या बिऱ्हाडांना मिळून दोन संडास होते, तेही चौकाच्या टोकाला. आई गुडघे धरून जिना चढायची. ज्यांनी वाड्यात आयुष्य काढलं नाही त्यांनी वाड्यांसाठी फार हळवं होऊ नये असं मला वाटतं. आणि तरीही, कोरीव खांब काढून ट्रकमध्ये टाकताना माझा मोठा भाऊ, जो बांधकामाच्या बाजूने सगळ्यांत जोरात बोलला होता, तोच ट्रकमागे गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेला. ते खांब आता कुठल्याशा हॉटेलात शोभेला उभे आहेत म्हणतात.

गल्ली रुंद नाही म्हणून चटईक्षेत्र कमी, चटईक्षेत्र कमी म्हणून दुरुस्तीऐवजी पाडून जितकं मिळेल तितकं उंच बांधायचं, आणि उंच बांधलं की समोरच्याचं ऊन जातं. मग समोरचाही पाडतो. गावठाणाच्या पुनर्विकासाची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. त्या चर्चेत पार्किंग असतं, रस्तारुंदी असते, उजेड मी कधी ऐकला नाही.

आता चित्रकारांबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. ज्यांच्यावर प्रेम आहे त्यांच्याविषयीच असं बोलता येतं.

घाटाची बरीच चित्रं खोटी आहेत. त्यांत विजेच्या तारा नाहीत, मोटारसायकली नाहीत, फ्लेक्स नाही, निर्माल्याचा ढीग नाही. बुधवारच्या बाजारातल्या निळ्या-पिवळ्या ताडपत्र्या काढून तिथे नुसत्या छत्र्या ठेवलेल्या असतात. पाणी नेहमी निळं. खरं तर पावसाळ्यात ते दाट चहासारखं असतं, धरणातून पाणी सोडलेलं नसलं की उन्हाळ्यात हिरवट थांबलेलं, आणि खालच्या अंगाला पाणवेलींनी झाकलेलं. दिवाणखान्यात लावायला लोक स्वच्छ घाट मागतात, चित्रकाराला घर चालवायचं असतं, हे मला समजतं. पण वीस-तीस वर्षांनी त्या चित्रांवरून कुणी काही शोधायला गेला तर त्याची फसगत होईल. ज्यांनी तारा रंगवल्या, ज्यांनी देवळाशेजारच्या गच्चीवरची काळी टाकी गाळली नाही, त्यांची चित्रं आज विकायला कठीण असतील. मला ती जास्त मोलाची वाटतात. एका कुशल हाताने तारांचं जाळं एकाच कोरड्या ब्रशाने आकाशावरून ओढलेलं मी पाहिलं आहे. ते जाळं सुंदरच दिसत होतं, कारण ते खरं होतं.

दुसरं, आपण कुठे बसतो याचाही विचार व्हायला हवा. काळारामाच्या मंदिराचा दरवाजा अनेकांनी रंगवला आहे, आणि रंगवावा असाच तो आहे. सकाळच्या उन्हात त्या काळ्या दगडाला जो रंग चढतो तो दुसरीकडे मिळत नाही. पण याच दारांपाशी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षं चालला. हजारो माणसं या भिंतींच्या बाहेर उन्हात उभी राहिली. हे ठाऊक असताना तो दरवाजा रंगवणं आणि ठाऊक नसताना रंगवणं यांत फरक पडतो. कुणाच्या वाट्याला दाराच्या आतली सावली आली आणि कुणाच्या वाट्याला बाहेरचं ऊन, हा त्या चित्राचाच भाग आहे.

आणि नाशिक म्हणजे घाट एवढंच नाही. काझीची गढी आहे. नदीकाठचा तो मातीचा उंचवटा, जिथे १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं आणि इथली वस्ती ताम्रपाषाण काळापर्यंत मागे जाते हे दाखवलं. आज त्याच गढीच्या कडेवर माणसं राहतात, दर पावसाळ्यात माती ढासळते, त्यांना स्थलांतराच्या नोटिसा जातात आणि पाऊस गेला की ती परत येतात. रंगांच्या दृष्टीने ती गढी विलक्षण आहे : तांबडी माती, तिच्यात रुतलेली खापरं, वर पत्र्यांची घरं. तिची चित्रं फार थोडी. सिडकोतल्या एकसारख्या घरांच्या रांगा, सातपूरच्या कामगार वस्त्या, मळे सरकत गेले त्या गंगापूर रोडच्या कडेला उरलेली एखादी विहीर, हेही कुणाचं तरी लहानपणाचं गाव आहे. त्या मुलांनी आपली गल्ली रंगवली तर तिची नोंद राहील. घाटावर बसायला जागा कमी आणि गर्दी फार. या वस्त्यांत जागाच जागा आहे.

जगात अशी कामं ठरवून झाली आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये केनेथ क्लार्क यांच्या पुढाकाराने चित्रकारांना देशभर पाठवलं गेलं, जिथे बॉम्ब पडतील किंवा जिथे नवी बांधकामं सगळं बदलून टाकतील अशी गावं, गल्ल्या, चर्च, शेतं जलरंगात उतरवायला. त्या ‘रेकॉर्डिंग ब्रिटन’ योजनेतली दीड हजारांहून जास्त चित्रं आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. भीती शत्रूच्या विमानांची जितकी होती तितकीच स्वतःच्या बिल्डरांचीही होती, हे त्यातलं मला लागून राहिलेलं. आपल्याकडे कोल्हापूरच्या अबालाल रहिमान यांनी कोणी न सांगता रंकाळा आणि कोटितीर्थाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. १९३१ मध्ये ते गेले. आज कोल्हापूरकर रंकाळ्याच्या काठाने चालतात तेव्हा त्या पाण्याचा शांतपणा कसा होता हे त्यांना अबालाल यांच्या चित्रांकडे विचारावं लागतं.

नाशिकला अशी योजना आखायला उशीर झालेला आहे, पण वेळ गेलेली नाही. सिंहस्थ दर बारा वर्षांनी येतो आणि दर वेळी घाटाचा चेहरा बदलून जातो. २००३ च्या सिंहस्थाच्या आगेमागे नदीपात्रात काँक्रीट पडलं आणि जुनी कुंडं त्याखाली गेली. पुढे तेच काँक्रीट काढण्यासाठी लोकांना न्यायालयात जावं लागलं. गेल्या काही वर्षांत घाटाच्या सुशोभीकरणात जुन्या दगडी पायऱ्या उखडल्या, तेव्हाही वाद झाले. आता २०२६-२७ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत. २०२५ संपता संपता तपोवनातली झाडं वाचवायला नाशिककर रस्त्यावर उतरले, झाडांना मिठ्या मारून उभे राहिले. त्या झाडांची चित्रं किती जणांकडे आहेत? कुठल्या पायरीचा दगड कसा घासला होता, नदी ओलांडायचे सांडवे कुठे कुठे होते, पाणी कमी असताना त्यांवरून बायका धुणं घेऊन कशा जात, हे सांगणारे कागद कुणाच्या घरात, कुणाच्या माळ्यावर, कुठल्या शाळेच्या कपाटात पडले आहेत? ते एकत्र यायला हवेत. वाळवीने आणि दमटपणाने त्यांचं आयुष्य ठरवण्याआधी.

चित्रकारांकडे माझं मागणं लहान आहे. कागदाच्या मागे पेन्सिलीने तारीख लिहा, वेळ लिहा आणि कुठे बसला होतात ते लिहा. शाईने लिहू नका, ती पुढे उमटते. बाकीचं तुम्ही चित्रात लिहिलेलंच असतं.

मागच्या कार्तिकात, एका रविवारी सकाळी मी घाटावर गेलो होतो. कलामहाविद्यालयाची आठ-दहा मुलं नव्या फरशीवर बोर्ड मांडून बसली होती. कडेला एक मुलगी पलीकडच्या काठावरची क्रेन रंगवत होती. नारोशंकराचं शिखर तिने बाजूला ठेवलं होतं आणि क्रेनचा पिवळा रंग जमवायला धडपडत होती. पिवळा मळत होता. तिने मान वर करून विचारलं, “काका, तिथे आधी काय होतं?” मी हाताने दाखवायला लागलो, असं होतं, तसं होतं, आणि माझ्याच लक्षात आलं की मला नीट सांगता येत नाहीये.

पुढच्या रविवारी मी भिंतीवरचं चित्र उतरवलं, जुन्या चादरीत गुंडाळलं आणि घाटावर नेलं. मुलं भोवती जमली. तिने ते दोन्ही हातांनी धरलं, काचेवर पडलेलं आकाशाचं प्रतिबिंब टाळायला जरा कलतं केलं, आणि समोरून बघायच्या आधी उलटं करून मागची पेन्सिल वाचली. मग मनगटावरचं घड्याळ बघितलं. आठ वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. “चला ना,” ती म्हणाली, “ऊन आत्ता कुठे आहे ते बघू.” आणि आम्ही पायऱ्या चढून गल्लीकडे निघालो.